दोन बोअरमधली जमीन

जमीन तपासून अहवाल देणं हा माझा व्यवसाय. जळगावला छोटी प्रयोगशाळा आहे आणि कामं इकडे रावेर-चोपड्यापासून तिकडे धुळे-साक्रीपर्यंत. अहवालात एक पान असतं. घरमालक ते न बघता उलटतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर मात्र आधी तेच उघडतो. ते पान म्हणजे जमिनीचा उभा छेद. पहिल्या बोअरमध्ये अडीच मीटर काळी, तिच्याखाली पिवळी चिकण, मग मुरूम. दुसऱ्या बोअरमध्ये काळीच सव्वातीन मीटर. बोअरच्या जागी थर ठळक रेषेनं काढायचे आणि मधल्या दहा-पंधरा मीटरांत ते तुटक रेषेनं जोडून टाकायचे, असा रिवाज आहे. ठळक रेषा मी पाहिलेली असते. तुटक रेषा कोणीच पाहिलेली नसते. तीन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर १५ सेंटिमीटर व्यासाचे तीन बोअर घेतले, तर डोळ्यांखालून गेलेली जमीन साधारण पाच हजारांत एक भाग भरते. बाकीच्या सगळ्या जमिनीबद्दल मी सही-शिक्क्यानिशी बोलते.

कशाच्या आधारावर? हा प्रश्न मला एकाही बिल्डरनं विचारला नाही. विचारला तो अमळनेरच्या एका निवृत्त सरांनी. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, निवृत्तीनंतर जुन्या गावठाणाच्या कडेला प्लॉट घेतला, आणि मी दिलेला अहवाल परीक्षेचा पेपर तपासावा तसा लाल पेनानं तपासला. तुटक रेषेशी येऊन थांबले. म्हणाले, “मॅडम, हे प्रत्यक्ष नाही. अनुमान म्हणावं तर व्याप्ती, म्हणजे हे असेल तिथे ते असतंच हा नियम, कुठे सिद्ध केलीत?”

अमळनेरात असं बोलणारं माणूस भेटलं तर नवल नाही. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. पैसा गिरणीचा, म्हणजे कापसाचा, म्हणजे शेवटी खानदेशच्या काळ्या मातीचा. आणि त्या पैशावर वेदान्ताचा अभ्यास. साने गुरुजीही काही काळ तिथे होते. त्या मंदिरातले तिघे अभ्यासक, मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती, यांनी मिळून १९३३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याचा विषय एकच, आणि नावही तेच: ‘अज्ञान’. सरांनी ते मला दाखवलं तेव्हा मी हसले. ज्या विषयाची मी महिन्याला बिलं लावते, त्यावर तीन विद्वान माझ्याच मुलखात बसून वाद घालून गेले होते.

सरांच्या प्लॉटची गोष्ट सांगण्याआधी काळी आणि पांढरी सांगायला हवी. आपल्याकडे शेतीची जमीन ती काळी आणि गावाची वस्ती ती पांढरी. ही वाटणी नुसती महसुली नाही. बेसाल्ट झिजून झालेली काळी माती पाणी धरते, म्हणून कापूस तिथे पिकतो. आणि पाणी धरते म्हणूनच फुगते. मे महिन्यात तिला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो. आषाढात त्याच भेगा मिटून जमीन वर येते. पूर्वजांनी घरं शक्यतो तिथे बांधलीच नाहीत. पांढरी मात्र मुळात माणसानं केलेली जमीन आहे: मातीची घरं पडली, त्यावर नवी उभी राहिली, राख, शेण, खापरं, भिंतींचा गाळ, असं शतकानुशतकं साचत गेलं. गिरणेकाठचं बहाळ किंवा तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे इथे उत्खननं झाली ती अशाच पांढरीच्या टेकाडांवर, आणि खाली ताम्रपाषाणयुगातली वस्ती निघाली. पुरातत्त्ववाल्यांना पांढरी म्हणजे ग्रंथ. मला ती म्हणजे भराव, आणि भरावाचा भरवसा नाही.

सरांच्या प्लॉटच्या मधून काळी-पांढरीची हद्द जात होती. पुढचा अर्धा भाग भरावावर, मागचा अर्धा फुगणाऱ्या मातीवर. एक बाजू दबणार आणि दुसरी उचलणार. याहून वाईट जोडी मी शोधून काढू शकले नसते.

अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव, एवढंच मी धरून चालले होते. ठोके मोजून अभाव कमी करायचा, हे माझं काम. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. जितके जास्त बोअर, तितकं कमी अज्ञान. सर म्हणाले, अद्वैत्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अज्ञान ही रिकामी जागा नव्हे, ती काम करणारी वस्तू आहे आणि तिच्या दोन शक्ती आहेत. आवरण झाकतं. विक्षेप त्या झाकलेल्याच्या जागी दुसरंच काहीतरी उभं करतो. अंधारात दोरी दिसत नाही इतक्यावर भागत नाही, साप दिसतो.

मी त्या दिवशी वाद घातला नाही, कारण आठवत गेलं तसं पटत गेलं. नुसतं न कळणं मला साइटवर कधी भेटलेलंच नाही. जमीन झाकलेली आहे, खाली काय ते माहीत नाही, असं म्हणणारा मालक मी पाहिला नाही. त्या जागी कायम काहीतरी उभं असतं. शेजाऱ्याला सात फुटांवर मुरूम लागला, म्हणजे आपल्यालाही सातवरच. गवंड्यानं पहार मारून ‘कडक आहे’ म्हटलं, म्हणजे कडक. आणि हे अज्ञान फक्त अडाण्यांचं असतं असंही नाही. धुळ्याच्या बाहेर पांझरेच्या बाजूला बिगरशेती लेआउटमधल्या एका बंगल्यात मला बोलावलं होतं. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा, जुलैत दार लागेना. मालक शिकलेला, इंजिनिअरही शिकलेला. दोघांनी मिळून दोष सिमेंटला दिलेला. मग मालकानं समोरची पाच मजली इमारत दाखवली: ती एवढी जड, तिला काही नाही, मग जमीन कशी वाईट असेल?

इमारतीला काही नाही, कारण ती जड आहे. काळी माती पाणी पिऊन वर ढकलते. पाच मजल्यांचं ओझं तिला दाबून धरतं, एकमजली बंगला उचलला जातो. माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात वैतागवाणा मुद्दा इथे येतो. आम्ही इंजिनिअर अज्ञानाचा हिशोब एका भाजकानं ठेवतो. माती किती भार घेईल ते काढायचं आणि त्याला अडीच-तीननं भागायचं. मी त्याला अज्ञानाचा भाजक म्हणते. त्या बंगल्याच्या इंजिनिअरनं काळ्या मातीला भिऊन हा भाजक आणखी वाढवला होता, म्हणजे पायाची फुटिंग रुंद केली होती. फुटिंग रुंद झाली की मातीवरचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की फुगणाऱ्या मातीला उचलायला अधिक सोपं. माणूस सावध होता, पण धसणाऱ्या जमिनीसाठी. जमीन उचलणारी निघाली. भाजक अभावावर चालतो, विक्षेपावर चालत नाही. चुकीच्या चित्राला तीननं भागलं तरी चित्र चुकीचंच राहतं, वर खर्च वाढतो.

सर एकदा जळगावला प्रयोगशाळेत आले. मी त्यांना फुगवट्याची चाचणी दाखवली. त्यांच्याच प्लॉटची वाळवून चाळलेली माती, दहा-दहा ग्रॅम, काचेच्या दोन नळ्यांत. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती होती तेवढीच तळाशी, पाण्यातली जवळपास दुप्पट. सर बराच वेळ नळ्या डोळ्यांसमोर धरून होते. मातीचा स्वभाव कोणता म्हणायचा, असं त्यांनी विचारलं. रॉकेलात ती साधुसंतासारखी आहे. मी म्हटलं, रॉकेलाचा पाऊस पडत नाही, त्यामुळे मला दुसऱ्या नळीची चिंता नाही. हे उत्तर त्यांना उथळ वाटलं असावं. मला अजूनही पुरेसं वाटतं.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी भांडले. गीतेच्या तेराव्या अध्यायावरून निघालं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सरांच्या वडिलांच्या पिढीला ती घरची गोष्ट होती. क्षेत्र वेगळं, क्षेत्राला जाणणारा वेगळा, आणि जाणणारा क्षेत्रानं लिप्त होत नाही, असं सर सांगत होते. आत्म्याचं मला ठाऊक नाही. माझ्या क्षेत्रात जाणणारा लिप्त होतो. नमुना वर काढला की त्याच्यावरचा दाब सुटतो आणि तो तसाच राहत नाही. आम्ही त्याला ‘अनडिस्टर्ब्ड’ म्हणतो ते मनाच्या समाधानासाठी. याहून मोठी गोष्ट म्हणजे, घर बांधलं की जमीन बदलते. फरशी टाकली की मधल्या मातीचं बाष्पीभवन थांबतं, ओल वर्षानुवर्षं साठत जाते आणि घराचा मध्य फुगतो. कडेला कडुलिंब असेल तर त्याची मुळं तिकडचं पाणी ओढतात आणि ती बाजू खाली बसते. न्हाणीचं पाणी, छताचा पन्हाळा, शेजाऱ्याचा शोषखड्डा, सगळे त्या मातीशी बोलत असतात. मी तपासली ती घर नसलेली जमीन. घर उभं राहणार आहे ते घर असलेल्या जमिनीवर, आणि ती अजून अस्तित्वातच आलेली नाही.

परीक्षा आपल्याकडे नवी नाही, हे मात्र सरांनी बजावलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूमिपरीक्षा आहे: हातभर खड्डा खणा, तीच माती परत भरा. उरली तर उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर जागा सोडा. खड्ड्यात पाणी भरून शंभर पावलं जाऊन या, मग किती उरलं ते पाहा. सहाव्या शतकातल्या माणसाची ही चाचणी मला आदरणीय वाटते. पोकळ भरावावर माती खरंच कमी पडते. पांढरीवर ती आजही खरं बोलेल. काळ्या मातीवर मात्र फसवेल, कारण खणलेली चिकण ढेकळं होऊन जास्तच भरते आणि जागा ‘उत्तम’ ठरते. पाण्याची चाचणी मे महिन्यात एक सांगेल, ऑगस्टमध्ये दुसरं.

त्याच प्रकरणात पुढे मातीचे रंग वर्णांना वाटून दिले आहेत. पांढरी ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला. माझे वडील रावेरकडचे केळीवाले. काळ्या मातीच्या एकरासाठी भावाभावांत कोर्ट झालेलं मी पाहिलं आहे. खड्डा खणणारा वराहमिहीर आणि रंग वाटणारा वराहमिहीर एकाच पानावर बसतात. पहिला जमिनीला विचारतो आणि दुसरा जमिनीवर आपला समाज पसरतो. विक्षेपाचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला सरांच्या पुस्तकातही सापडलं नाही. सरांनी यावर मान हलवली, बोलले नाहीत.

भूमिपूजनाला मी जाते. नारळ, कलश, चांदीचा नाग, पंचरत्नं, ईशान्येचा खड्डा. हसत नाही, कारण पृथ्वीची क्षमा मागून तिला खणणारा माणूस मला तिला नुसतीच खणणाऱ्यापेक्षा बरा वाटतो. माझी तक्रार क्रमाची आहे. जुन्या ग्रंथांत आधी परीक्षा, मग पूजा. जागा नापास झाली तर पूजेचा प्रश्नच नाही. आमच्याकडे परीक्षा गळाली आणि पूजा राहिली. पूजेच्या खड्ड्यातली माती कोणती निघाली, हे एकानंही वाकून पाहिल्याचं मला आठवत नाही.

सरांच्या घरासाठी शेवटी अंडर-रीम्ड पाइल ठरले. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं आपल्या काळ्या मातीसाठीच ही पद्धत विकसित केली: ३० सेंटिमीटरचा खांब ऋतूंप्रमाणे हलणाऱ्या वरच्या साडेतीन मीटरांतून खाली न्यायचा आणि तळाशी अडीचपट व्यासाचा कंद करायचा, म्हणजे वरची माती ओढू लागली तरी खांब उपटत नाही. पाइलांवर बीम येतात, आणि काळ्या भागात बीमच्या खाली ८० मिलिमीटरची पोकळी मुद्दाम सोडायची असते. माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल. गवंडी ती हमखास बुजवतात. अर्धवट काम राहिलं असं त्यांना वाटतं. दर साइटवर मी तिथे उभी असते ती मुख्यतः ही रिकामी जागा रिकामी ठेवण्यासाठी.

पाइल सुरू होण्याआधीच्या आठवड्यात सरांनी मला अनुपलब्धी शिकवली. टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही, हे ज्ञान कोणत्या प्रमाणानं होतं? कुमारिलाचे मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. पण तिला अट आहे. नुसतं न दिसणं चालत नाही. ती वस्तू असती तर दिसलीच असती, एवढी परिस्थिती असायला हवी. उजेड हवा, डोळे हवेत, टेबल समोर हवं. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, यातून काहीही सिद्ध होत नाही.

हे ऐकताना मला माझे सगळे अहवाल आठवले. ‘तिन्ही बोअरमध्ये पोकळी आढळली नाही.’ हे वाक्य खरं असतं. वाचणारा ते ‘पोकळी नाही’ असं वाचतो, आणि आमच्या धंद्यातले पुष्कळ जण ते तसं वाचलं जावं म्हणूनच लिहितात. पोकळी असती तर माझ्या बोअरला सापडलीच असती का? पाच हजारांत एक. खोली जवळपास अंधारीच आहे.

सरांनी लगेच पुढचं पाऊल टाकलं. “मग देव नाही म्हणणाऱ्यांनाही हेच सांगा. असता तर दिसलाच असता, ही अट ते कुठे पूर्ण करतात?”

मी ते मान्य केलं आणि पुढे जायला नकार दिला. न सापडण्यावरून ‘नाही’ म्हणता येत नाही, तसं न सापडण्यावरून ‘आहे’ही म्हणता येत नाही. फरक आणखी एका जागी आहे. पोकळीबद्दल मी सांगू शकते की काय केलं म्हणजे प्रश्न सुटेल: इथे आणखी एक बोअर घ्या, पाच हजार रुपये द्या, संध्याकाळी उत्तर मिळेल. देवाबद्दल कुठे बोअर घ्यायचा ते सर सांगू शकले नाहीत. त्यांना तो प्रश्नच चुकीचा वाटला. असेल चुकीचा. पण ‘असेलही’ या शब्दाची किंमत माझ्याकडे सिमेंटच्या पोत्यांत मोजली जाते, आणि ती मोजल्याशिवाय तो शब्द वापरायला मला आवडत नाही. आमच्यात यावर समेट झाला नाही.

वेदान्तात अज्ञान ज्ञानानं जातं. आमच्यात ते जात नाही, फुटिंगखाली गाडलं जातं. म्हणून या शास्त्रातल्या थोरांनी वेगळी वाट काढली. तेरझागींनी वापरलेली आणि राल्फ पेक यांनी १९६९ च्या रँकिन व्याख्यानात नीट मांडलेली निरीक्षणाची पद्धत अशी: जे बहुधा असेल त्यावर आराखडा करा, जे वाईटात वाईट असू शकेल त्यासाठी उपाय आधीच ठरवून ठेवा, आणि काम चालू असताना डोळे उघडे ठेवा. माझ्या अहवालात याचं एका ओळीचं रूप आहे: प्रत्येक खोदकाम काँक्रीट पडण्याआधी पाहिलं गेलं नाही, तर ही शिफारस रद्द समजावी.

पांढरीच्या बाजूला तिसऱ्या दिवशी ऑगर फिरवणाऱ्या पोराच्या हातातून दांडा सुटल्यासारखा हातभर खाली गेला. तो ओरडला, “ताई, खाले पोकय शे!” रुंद करून पाहिलं तर पेव. धान्य साठवायचं जुनं भुयारी कोठार, तोंड अरुंद, पोट मोठं, अर्धं मातीनं भरलेलं, तळाशी कडब्याचा काळा कुजका थर. माझा सर्वांत जवळचा बोअर तिथून चार मीटरांवर होता. तुटक रेषा पेवाच्या पोटातून सरळ गेली होती.

सर टॉर्च घेऊन कितीतरी वेळ वाकून बघत होते. त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, प्रश्न कामाचा होता. “असं आणखी एखादं असलं तर?”

“असेलही,” मी म्हटलं.

“मग तुम्हालासुद्धा देवाचं नावच घ्यावं लागणार ना?”

“नाही काकू, सळई वाढवावी लागणार.”

पेवाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाइल जास्त घेतला, वरून बीम टाकला, आणि पुढच्या भागातल्या बाकीच्या बीममध्ये १२ च्या जागी १६ मिलिमीटरच्या सळ्या घातल्या. एखादा पाइल कमी पडला तरी बीमनं अंतर पेलावं या हिशोबानं. खर्च किती वाढला यावर सर आणि कंत्राटदार यांच्यात आठवडाभर बोलणी चालली. काकूंनी गुरुजींना दुसऱ्यांदा बोलावलं. पूजा या खेपेला ईशान्येला झाली नाही, पेवाच्या तोंडाशी झाली, आणि गुरुजींनी आत वाकून पाहिलं.